पाय मागे घ्या

माझ्या लग्नाचा बायोडाटा लिहायला मामा बसले आणि 'नोकरी' या शब्दापाशी त्यांचा पेन अडला. "तू नेमकी हाइस तरी काय?" मी म्हटलं, वर्तन-थेरपीच्या सेंटरमध्ये तंत्रज्ञ. "म्हंजे मशिनी दुरुस्त करतीस?" मी चिडून उठले. मागाहून पाहिलं तर त्यांनी 'लहान मुलांची डॉक्टर' असं लिहून टाकलं होतं.

डॉक्टर कसली! डी.एड. करून घरी बसले होते, मग चाळीस तासांचा ऑनलाइन कोर्स केला आणि हिंगोलीच्या एका सेंटरमध्ये लागले. बोलत नसलेल्या, स्वतःतच रमलेल्या लेकरांसमोर दिवसभर मी बसते. माझ्या वरच्या पायरीवर साहाय्यक विश्लेषक; त्याला पदवी लागते आणि देखरेखीखाली भरलेले तास लागतात. त्याच्याही वर विश्लेषक, म्हणजे मास्टर्स, आणखी तास, मोठी परीक्षा. लेकरासाठी काय करायचं ते फक्त विश्लेषकाने लिहायचं, आणि मी ते करायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे विशेष शिक्षणाची पदविका आहे, सरकारी नोंदणी आहे. त्यांना उद्या शाळेत जागा मिळू शकते. माझ्या कागदावर शिपायाचीसुद्धा मिळणार नाही.

म्हणून मला साहाय्यक व्हायचं होतं. पदवी बाहेरून पूर्ण करत होते आणि तासांच्या फॉर्मवर आमच्या विश्लेषक मॅडमची सही हवी होती. त्या पुण्यात असतात, आठवड्यातून एकदा मोबाइलच्या पडद्यावर येतात. ती सही मिळाली नाही तर मी जन्मभर याच बुटक्या खुर्चीवर बसणार, हे मला पक्कं कळत होतं.

त्या वर्षी कुरुंद्याहून एक सहा वर्षांची मुलगी येऊ लागली. तिची आई तिला बसने आणायची. मुलगी एक शब्द बोलत नसे, नजर देत नसे. पण कोणी दारातून आत आलं की हातातलं काम टाकून उठायची आणि वाकून पाया पडायची. तिच्या आजोबांनी शिकवलं होतं म्हणे, वर्षभर रोज सकाळी तिचा हात धरून. घरच्यांना तिच्यातलं दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, अर्थ लावायचा नाही. मी नियमाने लिहिलं, "टेबल सोडते, खाली वाकते, दुसऱ्याच्या पावलांना हात लावते. तासात चौदा वेळा."

पुण्याहून योजना आली. हे वर्तन कमी करायचं. ती वाकली की पाय मागे घ्या, बोलू नका, पुन्हा टेबलाशी बसवा.

मी फोनवर म्हणाले, "मॅडम, ती पाया पडते."

"तासात चौदा वेळा? ते कामातून सुटायचं निमित्त आहे. तुम्ही निरीक्षण करा, अर्थ लावणं माझं काम आहे."

आमचा एकच हॉल. चहावाला, पालक, बाई, सगळ्यांची त्याच दारातून ये-जा. त्या तासात चौदा माणसं आत आली होती. मला हे माहीत होतं, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. तोंडाने सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. सहीचा फॉर्म मॅडमकडे पडला होता आणि मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी मी दारातून आत आले, ती वाकली आणि मी पाय मागे घेतले. आमच्याकडे भांडण असलेल्या घरचं लेकरू वाकलं तरी तोंडातून 'असू दे, असू दे' निघतं. मी दात आवळून गप्प बसले. ती तशीच ओणवी राहिली, माझी पावलं होती तिथल्या फरशीवर तिने हात ठेवला. मग मी तिला उचलून खुर्चीवर बसवलं. चहावाल्यालाही सांगून ठेवलं. तो बिचारा दाराबाहेरच पेले ठेवू लागला.

चौदाचे नऊ झाले, नवाचे तीन. दोन महिन्यांनी शून्य. मॅडमनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या, म्हणाल्या, तुमच्या हाताला शिस्त आहे. त्याच आठवड्यात सही झाली. मी घरी पेढे नेले.

पुढच्या सोमवारी तिची आई बराच वेळ दारात घुटमळली. घरात लग्न झालं होतं.

"मॅडम, समदी लेकरं आजोबाच्या पाया पडून राहिली, म्हनून तेच हिच्याजवळ आले. तं हिनं सोताचे पाय मागं घेतले. दोनदा. सासरे जेवलेच न्हाई त्या दिवशी. म्हनले, माझं काय चुकलं?" तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी लई शिकवलं तिला, व्हय. पण तेवढं एक परत शिकवता येईल का?"

मी म्हणाले, "वरच्या मॅडमना विचारून सांगते."

तिने मान हलवली आणि निघताना वाकून माझ्याच पाया पडली. मला पाय मागे घेता आले नाहीत, आणि 'असू दे'ही म्हणता आलं नाही. वरच्या मॅडमना मी अजून विचारलेलं नाही.