फ्लूच्या लशीचा धाडसी निर्णय

इंजेक्शनला मी अजिबात घाबरत नाही. फक्त घ्यावं की नाही, हे ठरवायला मला जरा वेळ लागतो. (साधारण एक हिवाळा!)

आम्ही कतारला, दोहातल्या अबू हमूर भागात राहायचो तेव्हाची गोष्ट. मला संधिवात जडला होता. सकाळी बोटं अशी सुजायची की शर्टाची बटणं माझी बायको शुभदा लावून द्यायची. त्यात आदल्या वर्षी फ्लूनं मला पार लोळवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या संधिवाताच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. फ्लूची लस घ्या. तिच्यातले विषाणू मेलेले असतात."

"विचार करतो," मी बाणेदारपणे म्हणालो.

विचार कसला? दिसेल त्याला विचारत सुटलो! शेजारचे सलीमभाई, मूळचे रत्नागिरीचे, म्हणाले, "अंगात आधीच आग, त्यात आणखी काडी कशाला टाकता?" मला पटलं. आई फोनवर म्हणाली, "डॉक्टर सांगतात ते मुकाट्यानं कर." तेही पटलं! मग मी डॉक्टरांनाच गाठलं. "सूज वाढली तर?"

"दंड दुखेल, सांधे थोडे कुरकुरतीलही. पण फ्लू झाला तर त्याहून जास्त भोगाल!"

हेही पटलं. झालं, पुन्हा विचार सुरू!

एका संध्याकाळी शुभदा दंड चोळत घरी आली.

"काय झालं गं?"

"लस घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, घरातल्यांनी घेतली की तुम्हाला धोका कमी. तुमचं ठरेपर्यंत मी कशाला थांबू?"

सुई नुसती दिसली तरी हिला घाम फुटायचा. आणि ही एकटी जाऊन आली होती!

"उद्या मीही घेतो," शेवटी म्हणालो.

"मी येते सोबत."

"कशाला? मी काय लहान आहे?"

तरी ती आली. सलीमभाईंनी गाडी काढली. "यल्ला, चला चला! ह्यांचं मन फिरायच्या आत बसा!"

दवाखान्यात मी बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि दुसऱ्या हातानं शुभदाचं मनगट धरलं. बरणीचं झाकणही न उघडणारी माझी बोटं! त्यांच्यात कुठून बळ आलं देव जाणे. किंकाळी उठली. नर्स दचकली. किंकाळी शुभदाची होती, आणि खाली तिच्या काचेच्या बांगडीचे तुकडे!

ती मनगट दाबत गाडीत बसली. सलीमभाईंनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघितलं.

"काय हो, सुई नक्की कोणाला टोचली?"

"मलाच," मी म्हणालो. "दुखली हिला."