अण्णांची मेलेली कॉइल

मंडळी, भूतबित अपन मानत नाही. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या ज्या पिंपळाखालून पैलवानही रामनाम घेत पळायचे, त्याच्याच बुंध्याला टेकून मी पोहे-जलेबी हाणली आहे. तरीपण त्या कॉइलबद्दल विचाराल तर... ऐका.

गिरण्या बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. माझे सासरे, अण्णा, गिरणीत फिटर आणि मी तिथलाच इलेक्ट्रिशियन. गेटला टाळं लागलं. अण्णा धरण्यावर बसले, मी सांवेर रोडच्या फॅक्टरीत चिकटलो. त्यांच्या लेखी मी गद्दार. मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. कुणी हात लावला की मनगटावर पाना बसायचा. सख्खा मुलगा दिलीपही सुटला नाही.

अण्णा गेले आणि गाडी अंगणात बंद पडून राहिली. मला ती हवी होती. सायकलने पोचेपर्यंत फॅक्टरीचं गेट बंद व्हायचं आणि आणखी एकदा लेट झालो तर घरी बसवू, असं सुपरवायझरने सुनावलं होतं. दिलीपला ती भंगारात घालायची होती, म्हणजे मला मिळू नये, बस.

"जिजाजी, बाप होता तेव्हा दारात आला नाहीत," तो म्हणाला. "आता गाडीसाठी आलात?"

"तू तर घरातच होतास. चहा तरी विचारलास का त्यांना?"

शेवटी सासूबाईंनी निवाडा केला. राजवाड्याजवळचा मेकॅनिक म्हणाला होता की बाकी गाडी ठीक आहे, शंका प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची, आणि तशी कॉइल आता मिळत नाही. कॉइल चांगली निघाली तर गाडी जावयाची, नाहीतर भंगारात.

मी ती बदलेन म्हणून दिलीपने आधी तिच्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा टिपका लावला. एवढा भरोसा! भर दुपारी मी कॉइल सोडवून ओट्यावर ठेवली, मीटर लावला. चांगल्या कॉइलला काटा काही हजार ओहमवर जातो. हा जागचा हलला नाही. आतली तार तुटलेली.

"मेली," दिलीप खूश झाला. मी मीटर पेटीत घातला, त्याने कॉइल उचलली — आणि असा उडाला की शेजारच्यांच्या छपरावरची कवेलू खडखडली, कसम से. मनगट धरून मलाच शिव्या देत होता, मी काहीतरी जोडलंय म्हणून. ना बॅटरी, ना वायर! मी बोट लावलं. पाना बसावा तसा मनगटावर झटका.

सासूबाई उठल्या. कॉइल सरळ हातात घेऊन पदराने पुसली. त्यांना काही झालं नाही.

"अहो, पुरे आता," त्या कॉइलकडे बघून म्हणाल्या. "जावयांची नोकरी जाईल."

मग ती माझ्या तळहातावर ठेवली. मी गाडीत बसवली. पहिल्याच किकला गाडी सुरू. दिलीप आतून दार लावून बसला. माझ्याशी आजही बोलत नाही.

आमचे इंदुरी भिया लोक म्हणतील, मीटरच्या सेलचा करंट साठला असेल. अरे, तार तुटलेली आहे, साठेल कुठे? मागच्या दिवाळीत डिजिटल मीटर लावून बघितला. टिपका तोच, कॉइल अजून मेलेलीच, गाडी अजून चालते.

फॅक्टरीत मी पुन्हा कधी लेट झालो नाही. पण रोज सकाळी चावी फिरवली की मनगटावर एक झटका बसतोच. इतकी वर्षं झाली, कारण सापडलं नाही... आणि अण्णांचा रागही उतरला नाही.