सोळावा सोमवार, स्वान्झीच्या समुद्रावर

लेकीचा आणि तिच्या बाबांचा अबोला सुटावा म्हणून मी सोळा सोमवार बोलले होते. त्यातल्या शेवटच्या दोन सोमवारांचे किस्से इथे न्यूझीलंडला, रोटोटुनाच्या आमच्या भजनात इतके साठलेत, की पेटी उघडायलाच उशीर होतो. तरी सांगते.

केतकी वेलिंग्टनची सरकारी नोकरी सोडून वेल्समध्ये स्वान्झीला गेली, तेव्हापासून दोन वर्षं हे तिच्याशी बोलत नव्हते. व्हिडिओ कॉलवर माझ्या शेजारी बसून मला म्हणायचे, "तिला विचार, जेवली का."

शेवटी म्हणाले, "मी तिला भेटायला येणार नाही. तिथले बीच बघायला येईन."

पेटीवाल्या सुलभाताई म्हणाल्या, "भाऊजी, रॅग्लनचा समुद्र इथून पाऊण तासावर आहे. कधी गेलात?"

यांनी त्याच दिवशी तिकिटं काढली.

*

पंधरावा सोमवार विमानात आला. सोमवार लागता लागता ऑकलंड सोडलं, लंडनला उतरलो तरी सोमवारच. उपास सोडायचा संध्याकाळी, आणि संध्याकाळ काही होईना. भजनाच्या ग्रुपवर विचारलं. निम्म्या जणी म्हणाल्या, इथे मंगळवार उजाडला, जेवा. निम्म्या म्हणाल्या, छे.

सुलभाताईंनी निकाल दिला, "ज्या देशाचा व्हिसा, त्या देशाचा सोमवार."

*

स्वान्झीजवळच्या पहिल्याच बीचवर यांनी पायातल्या जँडल्स काढल्या, पोहायच्या टॉग्जवर पाण्यात शिरले आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आले.

"तिला सांग, असलं पाणी आपण फ्रिजमध्ये ठेवतो."

"आई, टेल हिम, गेल्या आठवड्यापेक्षा हीप्स वॉर्म आहे, खूपच."

दोघांत हातभर अंतर. टॉवेल मात्र माझ्या हातून गेला.

*

सोळाव्या सोमवारी रोसिलीला गेलो. उंच कडा, खाली लांबच लांब वाळू, टोकाला एक बेट. ओहोटीला तिथे खडकांवरून चालत जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली, मग पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच बसायचं. वेळा बोर्डावर लिहिलेल्या असतात. यांना बोर्ड वाचायची सवयच नाही. केतकी वाचते, पण त्या दिवशी तणतणत बेटाकडे पुढे गेली होती, हे तिच्या मागे. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी कड्यावर पोथी घेऊन बसले.

पाणी चढलं. पलीकडे बेटाच्या गवतावर दोघं सुखरूप. मध्ये मी नाही.

संध्याकाळी परतले ते भांडतच.

"बाबा, तुम्ही मला एकदा तरी विचारलंत, का गेले?"

"तू सांगितलंस का?"

माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

भजनात हे सांगितलं, तेव्हा सुलभाताईंचा हात भात्यावर थांबला. "सहा-सात तास दोघं उपाशी?"

"उपाशी कशाला? थालीपीठं, पाणी, दोन स्वेटर, सगळं जाताना त्यांच्या पिशवीत भरलं होतं मी."

"म्हणजे तो बोर्ड तुम्ही..."

"ताई, सूर धरा."

तुमच्याही घरात असा अबोला असेल, तर सोमवार धरा. महादेव ऐकतो. फक्त बोर्ड मनातल्या मनात वाचा, आणि डबा दोघांपुरता द्या.