नानांनी दिलेली सुट्टी

आठ मार्च १९८९, देवपूर, धुळे. हजर: महिला मंडळाच्या झाडून साऱ्या सभासद, चिटणीस म्हणून मी आणि मंडळाचे सल्लागार म्हणून आमचे घरमालक नाना. नानांची बायको, म्हणजे अक्का, स्वयंपाकघरात. त्यांना हजर धरायचं की गैरहजर, ते तुम्हीच ठरवा.

स्त्रीमुक्तीचा एवढा मोठा कैवारी अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. कुठल्या देशात बायकांना मताचा हक्क कधी मिळाला, हे नानांना तोंडपाठ. स्वतःचा बनियन कुठल्या खणात असतो, हे मात्र ठाऊक नाही. भाषण वेदकाळापासून सुरू व्हायचं. सतीबंदीपर्यंत पोहोचेतो घसा कोरडा पडायचा आणि "अगं, चहा!" अशी हाक थेट स्वयंपाकघरात जायची. विधवांच्या केशवपनावर बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते टिपायला रुमाल अक्काच आणून द्यायच्या. मी नळाची तक्रार घेऊन गेले, की म्हणायचे, "मिस्टरांना पाठवा, व्यवहाराचं त्यांच्याशी बोलतो." मी पाठ वळवली, की मागून, "बाकी स्त्री अबला नाही, बरं का वहिनी!"

त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "महिला दिनी बायकांना सुट्टी. भरीत पुरुष करणार!" आता, आमच्याकडे भरीत पुरुषच करतात. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वांगी भाजायची आणि गावभर सांगत सुटायचं, स्वयंपाक आम्ही केला. लसूण सोलणं, मिरच्या ठेचणं, पुऱ्या लाटणं, मागची भांडी घासणं, ह्याला स्वयंपाक म्हणायची पद्धत नाही.

अक्कांनी मात्र ती सुट्टी खरी मानली. त्या माहेरच्या फैजपूरच्या. धुळ्यात जन्म गेला तरी बोली तिकडचीच. आदल्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "मले पाच मिनटं बोलू देशीन का बाई? जन्मात एकडाव बोलायचं हाये." मी लगेच कार्यक्रमात त्यांचं नाव घातलं.

अंगणात नाना वांगी भाजायला बसले. अक्का बोलायला उठल्या. "अगं, तेल!" अक्कांनी तेल आणून दिलं. पुन्हा उठल्या. "अगं, लसूण कुठंय? सोलला नाहीस?"

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "सुट्टी देली ना मले? मंग लसून काहाले मांगता?"

बायका अशा हसल्या, की शेजारचे गच्चीवर आले. नाना रागारागानं उठले. लसूण राहू दे, निदान मीठ तरी आणू, म्हणून स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरले. आतून डबे आपटल्याचे आवाज येत राहिले आणि बाहेर अक्का बोलल्या.

"लगनाच्या साली मले बालवाडीत शिकवाले बोलावलं व्हतं. आमच्या यायनं नाही म्हनलं नाही. 'पुढच्या जूनले जाय' म्हने. मंग पोरं झाले. मंग सासूबाई आजारी पडल्या. दर साली पुढचा जून." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

तेवढ्यात विजयी मुद्रेनं नाना बाहेर आले आणि मूठभर पिठीसाखर त्यांनी भरितात घातली. आम्ही ते निमूट खाल्लं.

पुढे आम्ही जळगावला आलो. अक्का गेल्या. परवा देवपूरला गेले, तर नानांनी स्वतः भरीत केलं होतं. मीठ बेताचं, लसूण नीट सोललेला, बोटांवर भाजल्याचे डाग. एका शब्दाचंही भाषण नाही. मला वाढून झाल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी ती काय बोलली हो? सगळ्यांनी ऐकलं, मीच तेवढा आत होतो."

मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "पुढच्या खेपेला सांगते, नाना," म्हटलं.

सांगायचं अजून राहिलंय.