टाइप केलेलं शेवटचं पान

ग्रंथालयाच्या तळघरात बाइंडर एकतीस वर्षं पुस्तकांची मोडलेली हाडं सांधत आला होता. हातात दाभण, बोटांना खळ आणि डोक्यात गुन्हेगारीच्या जुन्या कादंबऱ्या. त्यातला खाजगी गुप्तहेर मार खातो, पण कुणाच्या बापाला भीत नाही. असल्या कादंबऱ्या कुठून वाचायला घ्याव्यात, हे विचारायला लोक ग्रंथपालबाईंना सोडून जिना उतरत आणि त्याची छाती फुगे.

कारखान्यात लेथ चालवणारा, पाय मोडलेला एक खरादी तसाच कुबड्या टेकत आला. "काका, दोन महिने घरात बसायचंय. सुरुवात कुठून करू?"

"जाड्या पुस्तकांना आत्ताच हात लावू नकोस. त्यात इतके मुडदे पडतात की मोजता मोजता बोटं संपतात. आधी बारीक घे. गुप्तहेर स्वतःच गोष्ट सांगतो, असलं. मग गुन्हेगार सांगतो ती. जाडी शेवटी."

त्याने सगळ्यात बारीक पुस्तक काढलं. ते खरादीच्या हाती दिलं. त्याचं शेवटचं पान टाइप केलेलं होतं. पान हरवलं की दुसऱ्या प्रतीवरून टाइप करून डकवायचं, ही तिथली रीत. पण तेव्हा दुसरी प्रत नव्हती आणि पुस्तक रद्दीत निघालं होतं. मग बाइंडरने शेवट स्वतःच रचला. चोर निघालेल्या जिवलग मित्राला गुप्तहेर सोडून देतो. पुढे दोन वर्षांनी धड प्रत मिळाली. तिच्यात गुप्तहेर मित्राला पोलिसांच्या हवाली करतो. बाइंडरने ती प्रत फडताळात मागे सारली. लोकांना त्याचा शेवट आवडत होता ना!

महिन्याभराने खरादी हसत आला. "काका, पुस्तकाने सोडवलं बघा. पाय मोडायच्या आधी माझ्या साडूला कारखान्यातून पितळेच्या कांबी नेताना पाहिलं होतं. सांगू की नको, ठरेना. म्हटलं, असला पोलादी गुप्तहेर दोस्ताला सोडतो, मग आपण कोण? गप्प बसलो."

"मग आळ कुणावर?"

"पहारेकऱ्यावर. परवा चौकशी आहे. नोकरी जाईल बिचाऱ्याची."

गप्प राहावं तर पहारेकरी जातो, बोलावं तर आपली अब्रू. बाइंडरने खळीची वाटी बाजूला सारली. मग उठला, फडताळातली प्रत काढून खरादीच्या पुढे ठेवली.

"तो शेवट माझा आहे. खरा यात आहे."

"तुम्ही लिहिलात? आणि सांगायला आजचा मुहूर्त काढलात?"

"चुकलं माझं."

"तुम्ही सांगून मोकळे झालात, काका. फुटणार ते घर माझं आहे." पुस्तक काखेत मारून तो एकेक पायरी चढत गेला.

आठवड्याने ते पुस्तक घेऊन त्याची बायको आली.

"हे वाचलं नाही म्हणाले. चौकशीला मात्र जाऊन आले. पहारेकरी राहिला, माझ्या बहिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली. बहीण माझ्याशी बोलत नाही."

बाइंडरने स्टूल पुढे केलं. "बसा ना," तो म्हणाला.

ती बसली नाही.