कपारीतली मुकी आरती

शेजारच्या सुमनला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसून देवीशी भांडत होते. प्रार्थना करत होते असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. पोटातली गाठ काढायची होती, आणि गाठ साधी नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी सुमन मला तिच्या माहेरच्या देवीबद्दल सांगत होती. धसईच्या पुढं कड्याला लागून एक डोंगर आहे, त्या डोंगरात कपार आहे, कपारीत शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवीचा न घडवलेला दगड आहे आणि लहानपणी आईचं बोट धरून ती तिथं जायची. मी ती देवी कधी पाहिली नव्हती. तरी तिलाच म्हटलं, "बाई, ही तुझी माहेरवाशीण. हिला उठव, चालती कर. हिला घेऊन मी तुझ्या कपारीत येईन, धूप जाळीन, पाच वातींची आरती करीन." बोलून मोकळी झाले, पण मन काही मोकळं झालं नाही. एवढ्या माणसांच्या गर्दीत आपलं कोण ऐकणार, असंच वाटत राहिलं.

सुमन उठली. पुढचे औषधांचे डोस तिनं कसे काढले ते मी शेजारी राहून पाहिलं आहे. आटगावात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, तिच्या घरात भांडं पडलं तरी मला कळतं. केस गेले, जेवण गेलं, हसू मात्र गेलं नाही. डोक्याला रुमाल बांधून ती दर मंगळवारी आमच्या भजनाला यायची आणि भिंतीला टेकून टाळ वाजवायची. मंडळाची पुढारी मी. माझा आवाज मोठा आहे हे मी मान्य करते. मी आरती सुरू केली की स्टेशनावरची माणसं हात जोडतात, असं आमचे हे म्हणतात. ते कौतुकानं म्हणतात की वैतागून, हे मी कधी विचारलं नाही.

सुमनचे केस पुन्हा बोटभर वाढले आणि महिला दिन जवळ आला. आमच्याकडे दरवर्षी ठरलेलं असतं. हळदीकुंकू, उखाणे, संगीतखुर्ची आणि कुणीतरी साहेब येऊन स्त्रीशक्तीवर भाषण करून जातो, ते आम्ही बसून ऐकतो. यंदा मी मंडळात उभी राहिले आणि म्हटलं, या वर्षी खुर्च्यांभोवती फिरायचं नाही, डोंगर चढायचा. नवसाचंही सांगितलं. बायका आधी हसल्या आणि मग एकेक जण आपण येणार म्हणून सांगायला लागली. माझी पुतणसून प्राची कल्याणला नोकरी करते, आठवडाभर लोकलचा टाइम सांभाळते. ती म्हणाली, "काकू, मी येणारच. एक रविवार झोप नाय काढली तर मरत नाय मी." सुमननं डॉक्टरांना विचारून घेतलं. दम लागला की थांबायचं, एवढंच ते म्हणाले. घरोघरी पुरुषांनी शंका काढल्या, रस्ता कोण दाखवणार, बरोबर एखादा तरी गडीमाणूस नको का. मी म्हटलं, रस्ता सुमनला ठाऊक आहे आणि बाकीचं मला.

रविवारी उजाडायच्या आत जीप निघाली आणि धसई मागं टाकून आम्ही सुमनच्या माहेरी पोचलो. तिच्या भावजयीनं चहा दिला, भाकऱ्या बांधून दिल्या. तिचे गुडघे धरलेले, ती काही येणार नव्हती. सुमनच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊन या गो. नवरात्र झाल्यापासून वर कोण गेलं नाय, वाटेत गवत माजलं असंल. उन्हाच्या आत खाली या." मार्चचं ऊन आमच्याकडे दहा वाजताच डोक्यावर बसतं, त्यामुळे आम्ही लगेच वाटेला लागलो.

आमच्या टोळीकडे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. कुणी साडीचा काचा मारलेला, कुणी मुलाचे बूट घातलेले, एकीच्या पायात सुनेच्या जिमचे लालभडक बूट. पळस फुलला होता, खाली वाळलेला पाचोळा कडकड वाजत होता. मी एकच नियम घातला होता. सुमन पुढं चालेल आणि तिच्या पुढं कुणीही जायचं नाही. त्यामुळे तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग झाला. ती थांबली की सगळ्या थांबायच्या आणि दम आपल्यालाच लागलाय असं दाखवायच्या. त्यात नाटक फार थोडं होतं. थांबल्यावर चेष्टा चालायची, घरी नवऱ्यांनी आतापर्यंत काय काय करपवलं असेल याचे अंदाज चालायचे. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कुठल्याही कामाशिवाय अशा एकत्र कधी चाललो नव्हतो.

अर्ध्यावर एक खडकाळ टप्पा आला. तिथं सुमन बसली आणि म्हणाली, "ताई, मी हितंच थांबते. तुमी जाऊन या." तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला पाणी दिलं, बराच वेळ बसू दिलं आणि मग म्हटलं, "नवस तुझ्यासाठी बोललेय. तुला इथं ठेवून मी वर काय करू?" तिनं हात पुढं केला. पुढून मी ओढलं, मागून प्राचीनं टेकू दिला, बाकीच्यांनी पाय कुठं ठेवायचा ते सांगितलं. खडक संपला तेव्हा बायकांनी जो जल्लोष केला, तो खाली गावात ऐकू गेला असेल. मला त्या वेळी फार अभिमान वाटला. हिला आपण वर आणलं, असं वाटलं.

कपार मोठी आहे. वरून कडा पुढं झुकलेला आणि आत सावलीत तो तांदळा, गुडघ्याएवढा. एवढ्या उन्हातून आल्यावर तिथला गारवा अंगावर घेताना माझे डोळे भरून आले. सुमननं देवीआईची खणानारळानं ओटी भरली, डोकं टेकलं आणि ती मागं सरकून खडकावर आडवी झाली. तिच्यात बसायचीही ताकद उरली नव्हती. मी ताट मांडलं. पाच वाती तुपात भिजवल्या, गोवरीच्या तुकड्यावर धूप ठेवला आणि काडी ओढली.

काडी विझली. दुसरीही विझली. खाली पानही हलत नव्हतं आणि इथं कपारीत वारा गोल गोल फिरत होता. प्राचीनं हातांचा आडोसा केला, तरी विझली. कापूर पेटला आणि ताटावर आणेपर्यंत गेला. मी आयुष्यभर दिवे लावत आले आहे, भर पावसात तुळशीपुढं लावले आहेत, पण असं कधी झालं नव्हतं. काड्या संपत आल्या. पुढच्याच आठवड्यात सुमनची तपासणी होती. गाठ पुन्हा कुठं डोकं वर काढते का, ते त्या दिवशी कळणार होतं. बाकीच्या बायका वाऱ्याला नावं ठेवत होत्या, पण माझ्या मनात वारा नव्हताच. माझ्या मनात एकच आलं, की आई आरती घेत नाही म्हणजे सुमनला आमच्यात ठेवायचं तिच्या मनात नाही. आत कुठंतरी घुमल्यासारखा आवाज येत होता, तो वाऱ्याचा असेल असं मी धरून चालले.

मग मी हट्टाला पेटले. सगळ्यांना जवळ बोलावलं, पदर आणि ओढण्या पसरून ताटाभोवती भिंत करायला लावली. वारा अडला. मी काडी ओढली, ज्योत सरळ उभी राहिली. धुपाला काडी लावणार एवढ्यात मागून सुमनचा आवाज आला, हळू, पण असा की हात जागीच थांबावा.

"ताई, विझव. कोण ओरडू नका. वर बघा."

ती उताणी पडून छताकडे बघत होती. आम्ही माना वर केल्या. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकत होती, सुपाएवढी, काळी, एकाशेजारी एक. त्यांच्या अंगावरून सळसळ चालली होती. आम्ही आल्यापासून आमची नजर देवीवर होती आणि देवी खाली होती, त्यामुळे वर कुणी पाहिलंच नव्हतं. धुपाचा लोट सरळ तिथं गेला असता. त्या अरुंद वाटेवर, सुमनला घेऊन, आम्ही कुठं पळणार होतो? मी काडी चिमटीत दाबून विझवली. बोट भाजलं ते खाली उतरल्यावर कळलं.

निघायला हवं होतं, पण आरती केल्याशिवाय कुणाचा पाय निघेना. मी हात जोडले आणि आरती म्हटली, फक्त ओठांनी. ना टाळ, ना टाळी, ना दिवा. फोडायला आणलेला नारळ फोडला नाही, तसाच आईपाशी ठेवला. माझ्याभोवती सगळ्यांचे ओठ हलत होते आणि मधमाश्यांची घुमघुम तेवढी ऐकू येत होती. इतक्या वर्षांत मी देवापुढं पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकत नव्हते. मग सुमनला मधे घेऊन आम्ही पाय न वाजवता बाहेर पडलो.

खडकाचा टप्पा उतरून खाली आल्यावर प्राची रडायला लागली आणि तिला बघून सगळ्याच रडल्या, मग हसल्या, मग भाकऱ्या सोडल्या. मी सुमनजवळ बसले. मनातलं लपवणं मला जमत नाही, म्हणून सांगून टाकलं, की नवस राहिला, आरती पेटलीच नाही, मला भीती वाटते. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "तू मला वर आणलंस म्हणून मी दमले. दमले म्हणून आडवी पडले. नायतर वर कोण बघणार होतं गो? आईला जे करायचं होतं ते तिनं केलं, तू दिवा धरून बसलीयेस." आणि तिनं तो तुकडा माझ्याच तोंडात कोंबला, मी आणखी काही बोलू नये म्हणून.

तो वारा देवीचा होता की घाटाखाली मार्चमध्ये वाहतो तसाच एक, हे मला ठाऊक नाही. याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की जिला आपण वर नेतोय असं मी समजत होते, तिच्याच थकव्यानं आम्हा सगळ्यांना सुखरूप घरी आणलं. मी जे मागत होते ते मिळालं नाही, तेव्हाच मी सगळ्यात जास्त सांभाळली गेले होते. आईचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असं माझं फार क्वचित होतं.

तपासणीच्या दिवशी घरातून निघताना मी देव्हाऱ्यात दिवा लावला. नेहमीची मी असते तर दोन-तीन नवस तिथंच बोलले असते, ओठांवर आलेही होते. पण नुसते हात जोडले आणि म्हटलं, आता तुझ्यावर सोडलं. दवाखान्यात बाकावर बसलो तेव्हा सुमननं माझ्याकडे तिरकं बघून विचारलं, "आज काय बोललीस आईला?"

"काय नाय," मी म्हटलं. "काहीच मागितलं नाय. तिच्यावर सोडलं."

 मग तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाली, "मग आज मला भीती नाय वाटत." आतून तिचं नाव पुकारलं, तेव्हा तीच आधी उठली.