व इतर चार

"कोट काढ."

फायर स्टेशनच्या पटांगणात, सकाळी अकराच्या उन्हात, सगळ्यांसमोर साहेब म्हणाले. मला वाटलं, उकडतंय म्हणून काळजीने म्हणतायत. मी हसलो. म्हटलं, "राहू दे साहेब, सवय आहे."

"तुझी सवय नाही विचारली. काढ आणि नितीनला दे. फोटो काढायचाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चार दिवसांपूर्वी दिघ्यात एका चाळीला आग लागली होती. खाली भंगाराचं गोदाम, वर माणसं. पोटमाळ्यावर एक म्हातारी अडकली होती. तिला मी खाली आणलं. मीच वर गेलो, कारण त्या गल्ल्या माझ्या पायाखालच्या. मी तिथेच वाढलोय, अजून तिथेच राहतो. पेटलेली चौकट डाव्या हाताने ढकलली तेव्हा कोटाची बाही कोपरापर्यंत करपली. नितीन खाली पाइप धरून उभा होता. त्याचंही काम खरंच होतं. पण वर मी गेलो होतो.

आता त्या सुटकेबद्दल सत्कार होता. पाहुणे आले होते, खुर्च्यांना पांढरी कापडं चढवली होती, शाल होती, नारळ होता. आणि यादीत माझं नाव नव्हतं. मी ठेक्यावरचा फायरमन. सहा वर्षं याच स्टेशनात, याच गाडीवर, पण माणूस ठेकेदाराचा. ठेकेदाराच्या माणसाचा सत्कार करता येत नाही, असा नियम आहे म्हणे. नितीन परमनंट. पण त्याचा कोट नवाकोरा, पट्ट्या चकाकणाऱ्या. फोटोग्राफरला तो पसंत पडला नाही. आगीतून आल्यासारखं दिसलं पाहिजे, म्हणाला.

मी कोट काढला. हे मी लपवणार नाही. भांडलो नाही, एक शब्द बोललो नाही. आत बनियन होतं, पाठीवर भोकं पडलेलं. नितीनने माझ्याकडे न बघता कोट घातला. बाह्या त्याला आखूड झाल्या. साहेबांनी त्याचा नवा कोट माझ्या हातावर टाकला. म्हणाले, "मागे हो. तुझी सावलीसुद्धा फोटोत नको."

मी मागे झालो. सावलीसकट.

फोटो झाल्यावर कोट मला परत मिळाला. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मोबाइलवर आईने तो फोटो पाहिला. आई एका कंपनीत झाडलोट करते. वाचता येत नाही, पण नजर तिखट. मला म्हणाली, "ह्यो कोट तुझा हाय न्हवं? बाही म्या पुसली व्हती."

"सगळ्यांचे सारखेच असतात, आई."

"जळके बी?"

मी जेवणावरून उठलो.

नितीन माझा जोडीदार. माझ्याच वयाचा. सहा वर्षं एकाच पाळीत. संध्याकाळी पटांगणात व्हॉलीबॉल खेळायचो तर तो उचलून द्यायचा आणि मी मारायचो. मेसमध्ये एकाच पातेल्यातलं खायचो. आमचे लीडिंग फायरमन म्हात्रेमामा खाडीकाठच्या गावातले. ते कधी खाडीतले निवटे मासे घेऊन यायचे, कधी चिंबोऱ्या. मग मी मसाला वाटायचा, नितीनने भात लावायचा, आणि मामांनी चुलीशी कुणाला येऊ द्यायचं नाही. चिंबोरीचा मोठा नांगा कुणाला, यावरून आमची मारामारी व्हायची. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही भाऊच वाटलो असतो.

पण मला त्याचा हेवा वाटायचा. आज नाही, पहिल्या दिवसापासून. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. त्याच्या लॉकरवर रंगाने त्याचं नाव लिहिलं होतं, माझा लॉकर म्हणजे खिळा. त्याचं हेल्मेट त्याच्या डोक्याच्या मापाचं, माझं जे उरेल ते. त्याच्या आईला हॉस्पिटलात कार्ड दाखवलं की खाट मिळायची. माझी आई रांगेत उभी राहून खोकायची. त्याचे वडील याच खात्यातून रिटायर झालेले. माझे वडील दिघ्याच्या खदानीत दगड फोडता फोडता गेले. तो रजा टाकायचा तेव्हा अर्ज लिहायचा. मी रजा टाकली की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस विचारायचा, "यायचंय का परत?" नितीन बूट काढून पाय पसरून बसायचा ना, ते बसणंसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायचं. उद्याही आपण इथेच आहोत हे ज्याला ठाऊक असतं, तोच असा बसतो.

फोटोनंतर तर माझ्या पोटात सारखं दुखायला लागलं. त्यात ती म्हातारी आली.

रिक्षा करून आली, नातीला घेऊन. हातात स्टीलचा डबा. नातीच्या मोबाइलवर तोच फोटो. म्हातारीने नितीनला बरोबर ओळखलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "माझ्या लेकरा," म्हणाली, "तुझ्या अंगावर घेऊन आलास रे मला." धुरात तिला माझं तोंड दिसलंच नव्हतं. दिसला असेल तर कोट.

मी तीन फुटांवर उभा होतो. नितीनने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग साहेबांच्या केबिनकडे पाहिलं, आणि वाकून म्हातारीच्या पाया पडला.

डब्यात पुरणपोळ्या होत्या. त्याने सगळ्यांना वाटल्या. माझ्यासाठी दोन वेगळ्या काढून ठेवल्या, वर तूप घालून. "भावा, खा ना," म्हणाला. त्या दोन पोळ्यांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच ताटातलं मलाच वाढत होता. मी म्हटलं, पोट बिघडलंय. त्या त्याने दुसऱ्या पाळीच्या पोरांना दिल्या. मला वाटलं होतं, आणखी एकदा तरी आग्रह करेल.

आता जे मी केलं ते सांगतो.

धुरात शिरताना आम्ही पाठीवर हवेची बाटली बांधतो. तिला एक घड्याळ असतं. काटा सांगतो, हवा किती आहे. हवा संपत आली की शिट्टी वाजते. आमच्या स्टेशनात म्हात्रेमामांनी घालून दिलेली रीत अशी की, आपली बाटली आपण बघायची नाही. सकाळच्या हजेरीनंतर जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. जोडीदाराचा काटा जोडीदाराने वाचायचा आणि मोठ्याने ओरडायचा. मामा म्हणायचे, "माणूस सोताशी खोटा बोलतो. दुसऱ्याचा वाचताना डोले उघडे ठेवतो." सहा वर्षं मी नितीनचा काटा वाचला, त्याने माझा. तो ओरडला की मी कधी वळूनही बघितलं नाही.

म्हातारी येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी नितीनचा काटा अर्ध्यावर होता. आदल्या पाळीने वापरून बाटली भरली नव्हती. मला स्वच्छ दिसलं.

मी ओरडलो, "फुल्ल!"

का? कारण थोड्या वेळाने धुराच्या खोलीत ड्रिल होतं. म्हटलं, याची शिट्टी सगळ्यांच्या आधी वाजू दे. शाल पांघरलेला हिरो दहा मिनिटांत खोकत बाहेर येऊ दे. साहेबांनी सगळ्यांसमोर झापू दे. त्यालाही कळू दे, सगळ्यांसमोर उघडं पडणं काय असतं. एवढंच माझ्या मनात होतं. त्याने माझ्या आवाजावर भरवसा ठेवला, पट्टे आवळले आणि पुढे गेला.

ड्रिल झालंच नाही. घंटा वाजली. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीचं गोदाम पेटलं होतं. वॉचमन आत अडकलेला.

गाडीत मी आणि नितीन गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. भोंगा चालू. तो नेहमीसारखा पट्टे तपासत होता. मी बोलायला हवं होतं, आणि मी हिशेब करत होतो. बोललो तर साहेबांना कळणार. साहेबांना कळलं की ठेकेदाराला एक फोन. मला चौकशी नाही, नोटीस नाही. एका फोनवर मी घरी. आईची खोकणारी छाती डोळ्यांसमोर आली. मग वाटलं, शिट्टी आहे ना, वाजली की येईल बाहेर. हे मीच मला सांगत होतो आणि मलाच पटत नव्हतं. गोदाम खोल असतं. आत दहा मिनिटं चालून गेल्यावर शिट्टी वाजली तर परतीची दहा मिनिटं कुठून आणणार?

पूल गेला. सिग्नल गेला. मी गप्प होतो.

गेटवर उतरलो. काळा, चिकट धूर दारातून लोळत बाहेर येत होता. नितीनने मास्क चढवला, मला अंगठा दाखवला आणि वळला. मी मागून त्याचा पट्टा धरून खेचला. तो पडता पडता वाचला.

"तुझी बाटली अर्धी आहे. सकाळी मी खोटं ओरडलो."

मास्कच्या काचेतून त्याचे डोळे दिसले. ते डोळे मी आयुष्यात विसरणार नाही.

मामा पलीकडेच होते. त्यांनी गाडीतली भरलेली बाटली काढली, मला सांगितलं, "लाव त्याला. काटा वाच. मोठ्यांदी वाच." मी लावली, वाचली, ओरडलो. माझा आवाज फाटला. मग मामांनी माझ्याकडे बोट दाखवून नितीनला विचारलं, "ह्याच्यासंगती जातंस का नाय?"

नितीनने मान हलवली. हो म्हणून. आम्ही दोघे आत गेलो. वॉचमन जिन्याखाली सापडला, शुद्ध हरपलेला, पण श्वास चालू होता. नितीनने खांदे धरले, मी पाय.

स्टेशनात परतल्यावर पाइप धुताना तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मारायचं होतं मला?"

"नाही. लाजवायचं होतं."

"कोटाचं?"

"कोटाचं. पोळ्यांचं. सगळ्याचं."

त्याने पाइपाचं तोंड खाली करून उरलेलं पाणी काढलं. मग म्हणाला, "आजीला सांगायला पायजे होतं मी. साहेब काचेतनं बघत होते. माझी फाटली." पाइप खाली ठेवत म्हणाला, "पण तुझं मी विसरणार नाय." आणि गेला.

मी तिथेच बसून राहिलो. परमनंट माणसाचीही फाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं. सहा वर्षं मी याच्या लॉकरकडे, याच्या पसरलेल्या पायांकडे बघत जळत राहिलो. कोट काढायला सांगितला साहेबांनी. नियम केला कुणी तिसऱ्याने. आणि मी हात घातला कुठे, तर सहा वर्षं माझा काटा खरा वाचणाऱ्याच्या श्वासात. साहेबांसमोर माझी जीभ उचलली नव्हती. ती उचलली नितीनच्या बाटलीपाशी, तीही खोटं बोलायला. मला माझीच किळस आली. हेवा गेला असं म्हणणार नाही. तो अजून आहे. पण त्याचं तोंड कुठे वळवायचं ते मला त्या ओल्या पाइपांपाशी कळलं.

साहेबांच्या केबिनमध्ये नोंदवही असते. प्रत्येक आगीनंतर त्यात लिहितात, कोण गेलं, काय केलं. साहेब मामांना सांगत होते आणि मामा लिहीत होते. "लीडिंग फायरमन म्हात्रे, फायरमन नितीन..." दोन-तीन परमनंटांची नावं झाली आणि साहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, "व इतर चार."

इतर चार म्हणजे ठेक्यावरचे आम्ही. सहा वर्षं मी त्या वहीत 'इतर' आहे.

मी आत गेलो. म्हटलं, "साहेब, आज आत शिरायला उशीर झाला. नितीनचा काटा मी सकाळी मुद्दाम खोटा वाचला. हे वहीत लिहा. माझ्या नावाने."

साहेब दचकले. दार लावून घ्यायला सांगितलं. मी लावलं नाही.

"वेड लागलंय का? माणूस वाचला ना? सोड विषय. आणि ठेक्याच्या माणसाचं नाव वहीत येत नाही."

"मग मला शिक्षा कशी देणार?"

"शिक्षा कशाला? एक फोन करीन."

"फोन नको. लिहा. माझा गुन्हा लिहा. आणि मागची पानं उलटा, दिघ्याची आग काढा. म्हातारीला पोटमाळ्यावरून कुणी आणलं, तेही लिहा. एक लिहिणार असाल तर दोन्ही लिहा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग वही फिरवून माझ्यापुढे सरकवली आणि पेन वर ठेवलं. साहेब ओरडले, "म्हात्रे!" मामा शांतपणे म्हणाले, "त्याचा हात हाय, त्याला लिवूं दे."

मी 'व इतर चार' वर आडवी रेघ मारली. माझं पूर्ण नाव लिहिलं. माझं, आईचं, वडिलांचं, आडनाव. त्याखाली बाटलीचं लिहिलं, जसं घडलं तसं. मग पानं उलटून दिघ्याची नोंद काढली आणि समासात लिहिलं, वर कोण गेलं होतं. अक्षर वाकडं आलं. दारात नितीन येऊन उभा राहिला होता. त्याने पेन मागितलं. दिघ्याच्या नोंदीखाली लिहिलं, 'हे खरं आहे', आणि सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. पेन ठेवून निघून गेला.

साहेब पांढरे पडले होते. "नोकरी जाईल तुझी," म्हणाले.

म्हटलं, "जाऊ दे. पण इतर चारांतल्या कुणाची गेली, ते आता तुम्हाला नावानिशी लिहावं लागेल."

याला आठ दिवस झाले. ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन गेला. मी रोज हजेरीला उभा राहतो. नितीन माझ्याशी कामापुरतं बोलतो, पण सकाळी समोर येतो, पाठ फिरवतो, आणि मी त्याचा काटा दोनदा वाचून ओरडतो. आमच्यातल्या बाकीच्या तिघांनीही परवाच्या आगीनंतर वहीत आपापली नावं लिहिली.

बाटलीची जी शिक्षा मिळेल ती मी घेईन. ती माझी आहे. करपलेल्या बाहीचा कोटही माझाच आहे. तो मी पुन्हा काढून देणार नाही.